भाची, भोगवटा आणि चौदा आकडे

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस उतरून कोणत्याही रस्त्याने चार-दोनशे पावले चालणाऱ्या मनुष्यास आपल्या दातांची काळजी वाहण्याचे कारण उरत नाही. कारण डाव्या हातास एक दंतवैद्य, उजव्या हातास दुसरा, आणि जिच्या तळमजल्यावर फरसाण, मोबाइल-दुरुस्ती व जागांचे दलाल यांनी अगोदरच बस्तान बसवले आहे अशा इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तिसरा, अशी या विद्येची येथे दाट वस्ती झालेली आहे. दुर्दैव इतकेच की, येथील रहिवासी दात दुखेपर्यंत दंतवैद्याचे नाव काढत नाही, दुखू लागला की लवंग धरतो, लवंगेने भागले नाही तर औषधाच्या दुकानदारास तोंड उघडून दाखवतो, आणि अखेर जेव्हा जिना चढतो तेव्हा दाताने आपला निर्णय परस्पर घेतलेला असतो. अशा परिस्थितीत बी.डी.एस. ही पदवी रीतसर संपादन करून दुसऱ्याच्या दवाखान्यात टक्केवारीवर काम करणाऱ्या माझ्या भाचीने, आपण आता दात सोडून हेल्थ इन्फर्मॅटिक्सच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी अमेरिकेस जाणार, असे जेव्हा जाहीर केले तेव्हा तिला दातांच्या बाजूने थोपवून धरील असा एकही युक्तिवाद घरात कोणास सुचला नाही.

चौकशीअंती कळले की ही वाट चांगलीच मळलेली आहे. भाईंदर पश्चिमेची कोणी फिजिओथेरपिस्ट, वसईचा कोणी होमिओपाथ, नालासोपाऱ्याचा कोणी बी.फार्म. झालेला मुलगा, अशी वैद्यकाच्या वाड्यात शिरून ओसरीवरच थांबावे लागलेली मंडळी गेली काही वर्षे याच विषयाकडे वळत आहेत. विषय काय, तर रुग्णाचे नाव, वय, रोग, रक्तातली साखर, दिलेले औषध आणि घेतलेले पैसे ही सर्व माहिती लिहावी कशी, साठवावी कोठे, एका रुग्णालयातून दुसऱ्यात पोचवावी कशी आणि भलत्याच्या नजरेस पडू नये म्हणून झाकावी कशी, याचे शास्त्र. माझी हयात मामलेदार कचेरीत गेली असल्यामुळे मला यात नवलाचे असे काही दिसेना. जमिनीच्या बाबतीत आमच्या खात्याने हे सारे केव्हाच करून ठेवले आहे: गावनमुने एक ते एकवीस, त्यांत सहा नंबरला फेरफार, सातात मालकी, बारात पीकपाणी, आणि ज्याचा हक्क धड मालकीचा नाही पण नाकारताही येत नाही, अशासाठी ‘इतर हक्क’ या नावाचा एक उदार रकाना. रुग्णाच्या कागदावरही असा रकाना हवाच, कारण मीरा रोडला आजारी एक जण पडतो आणि लक्षणे सांगायला चौघे येतात. हे मी भाचीस सुचवले. ती म्हणाली, “मामा, हे माझ्या उद्देशपत्रात घालू का?” मी म्हटले, “घाल.” तिने घातले नाही.

हे शास्त्र येथे अस्तित्वात नाही असे मात्र कोणी समजू नये. प्रत्येक घरातील लोखंडी कपाटाच्या माथ्यावर, बॅगा आणि पाहुण्यांची अंथरुणे यांच्या मध्ये, कापडाच्या दुकानातून आलेली एक मजबूत पिशवी असते. आमच्या मेहुण्यांची पिशवी मी स्वतः पाहिलेली आहे. तीत क्ष-किरण चित्रांची दुमडू नये म्हणून मुद्दाम दुमडून ठेवलेली दोन मोठी पाकिटे असतात. प्रयोगशाळेची, वर हसतमुख कुटुंबाचे चित्र असलेली आणि आत हसण्यासारखे काही नसलेली कागदी फाइल असते. औषधांचे एक बिल असते, ज्याच्या पाठीवर डॉक्टरांनी रक्तदाबाचे आकडे लिहिलेले असल्यामुळे ते फेकताही येत नाही आणि आकडे कोणत्या तारखेचे हे कळत नसल्यामुळे उपयोगातही आणता येत नाही. आणि सर्वांत तळाशी हृदयाच्या ठोक्यांच्या आलेखाची एक गुंडाळी असते. हा आलेख ज्या कागदावर उमटतो तो उष्णतेने काळा होणारा असल्यामुळे चार उन्हाळ्यांत फिकट होऊन जातो. मेहुण्यांच्या हृदयाचे २०१६ सालचे वर्तन आज एका कोऱ्या, किंचित गुलाबी पट्टीच्या रूपाने सुरक्षित आहे. तरीही दवाखान्यात जाताना ती पट्टी बरोबर जाते. कारण ताईचा सिद्धान्त असा की कागद नेला नाही की डॉक्टर नेमका तोच मागतात.

असो. जाण्याचे ठरले आणि पैशाचा प्रश्न उभा राहिला. परदेशी शिक्षणाचे कर्ज साडेसात लाखांच्या वर गेले की राष्ट्रीयीकृत बँका सामान्यतः स्थावर तारण मागतात, आणि मेहुण्यांचे स्थावर म्हणजे ज्या घरात ते राहतात ते घर. येथे मीरा-भाईंदरच्या इतिहासात थोडे शिरणे भाग आहे. मिठागरे, भातखाचरे आणि खाडी यांच्या या मुलखात १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली. परंतु इमारती मात्र या दोन्ही तारखांची वाट पाहत थांबल्या नाहीत. परिणामी, ज्यांत माणसे नांदत आहेत, लग्ने झाली आहेत, नातवंडे शाळेत जात आहेत आणि मालमत्ताकर वेळेवर भरला जात आहे, परंतु ज्यांना भोगवटा प्रमाणपत्र नाही, अशा इमारती येथे पुष्कळ आहेत. बँकेच्या वकिलाने कागद चाळून विचारले, “भोगवटा?” मेहुणे म्हणाले, “भोगतो आहोत की, लग्न झाल्यापासून.” वकिलाने हे उत्तर टिपून घेतले नाही.

त्यानंतर मी माझ्या जुन्या ओळखी खर्च करून सातबारा काढला. त्यावर सोसायटीचे नाव नव्हते, बिल्डरचेही नव्हते. मूळ शेतकऱ्याचे वारस मात्र एकाखाली एक शिस्तीने उभे होते, आणि पीकपाण्याच्या बाजूस सात मजली इमारतीच्या जागी गवत पडीक असा शेरा होता. मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करावा, असा ठराव सोसायटीच्या दर वार्षिक सभेत एकमताने मंजूर होत असून चहानंतर तहकूब होतो. अखेरीस तारणावाचून कर्ज देणारी एक खाजगी वित्तसंस्था भेटली. तिने व्याजाचा दर सांगितला तेव्हा मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. दर तोच राहिला.

यानंतर नावांचा प्रश्न आला. आमच्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेत आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आईचे, अशी सबंध वंशावळ एका ओळीत येते. पासपोर्टात तिचे दोन तुकडे होतात. आधारपत्रावर एक अक्षर गळते. आणि अमेरिकेच्या अर्जात पहिले नाव व शेवटचे नाव एवढेच मागितलेले असते. ज्याच्या पासपोर्टावर नावाचा रकाना रिकामा राहिला असेल त्यास त्या देशाचे अधिकारी ‘एफएनयू’, म्हणजे पहिले नाव अज्ञात, असे एक नवे नामकरण करून देतात आणि तो बिचारा पुढे बँकेत, दवाखान्यात व वाचनालयात याच नावाने ओळखला जातो. भाचीवर ही पाळी आली नाही. तथापि गुणपत्रिकेवरील मुलगी, पासपोर्टावरील मुलगी आणि आधारवरील मुलगी या तिघी एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र तिला करावे लागले. मौज अशी की ज्या संस्थेसाठी ही खातरजमा चालली होती तिनेच मध्यंतरी स्वतःचे नाव बदलले: इंडियानापोलिसचे जे विद्यापीठ आययूपीयूआय या आद्याक्षरांनी कित्येक वर्षे ओळखले जात होते ते जुलै २०२४ मध्ये विभक्त होऊन इंडियाना युनिव्हर्सिटी इंडियानापोलिस झाले. त्यांच्याकडे प्रतिज्ञापत्र कोणी मागितले नाही.

या सर्व काळात ताईने आनंदीबाई जोशी यांचे नाव इतक्या वेळा घेतले की त्या आमच्याच वाड्यात राहत होत्या असे कोणासही वाटावे. आनंदीबाई कल्याणच्या, म्हणजे आमच्याच ठाणे जिल्ह्याच्या, हे खरे. १८८३च्या फेब्रुवारीत त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात, आपण अमेरिकेस का जातो, यावर भर सभेत इंग्रजीत व्याख्यान दिले, एप्रिलात कलकत्त्याहून जहाज धरले, जूनमध्ये न्यूयॉर्क गाठले आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळवली. परत आल्यावर व्यवसाय करणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या वारल्या, तेव्हा त्यांचे बाविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. या चरित्रापुढे आमच्या घरातील कोणाचीही कुरकुर टिकली नाही. एवढेच मी नोंदवून ठेवतो की त्या काळी व्हिसा मागण्याची रीत अमेरिकेत पडलेली नव्हती. आनंदीबाईंना आपल्या समाजाची समजूत घालावी लागली. आमच्या भाचीस वांद्रे-कुर्ला संकुलातील खिडकीमागच्या अधिकाऱ्याची घालावी लागली. त्या देशाच्या १९५२च्या कायद्याचे २१४(ब) हे कलम असे की, प्रत्येक विद्यार्थी तेथे कायमचा राहण्याच्या इराद्यानेच येत आहे असे गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे त्याने सिद्ध करावे. म्हणजे मीरा रोडला परत येण्यास सबळ कारण दाखवणे आले! भाचीने आई, वडील, आजी आणि भावी दवाखाना अशी चार कारणे पाठ केली होती. साहेबाने फक्त पैसे कोण भरणार एवढे विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतला.

इंडियानापोलिसला पोचल्यावर तिचे जे शिक्षण सुरू झाले त्याचा वृत्तान्त रविवारच्या सकाळी फोनवरून आम्हांस मिळू लागला. त्या गावच्या रीगनस्ट्रीफ संस्थेने १९९४ साली ‘लॉइंक’ नावाची एक सूची सुरू केली, जीत प्रयोगशाळेत होऊ शकणाऱ्या प्रत्येक तपासणीस स्वतंत्र क्रमांक आहे: उपाशीपोटी काढलेली साखर १५५८-६, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ४५४८-४. मेहुण्यांना हे फार आवडले. फक्त चहा व दोन खारी बिस्किटे घेऊन त्यास ‘उपाशीपोटी’ म्हणणाऱ्यांसाठी कोणता क्रमांक, असे त्यांनी विचारले. याहून रम्य ग्रंथ म्हणजे रोगांची वर्गवारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीवर स्वतःचे संस्करण चढवून अमेरिकेने ती १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू केली, आणि तीत ७०,०००च्या आसपास नोंदी आहेत. बदक अंगावर आदळल्यास डब्ल्यू६१.६२, तेच बदक चावल्यास आकडा वेगळा. सासरच्या मंडळींशी न पटणे यास झेड६३.१ हा अधिकृत क्रमांक आहे, हे कळल्यावर ताईने तो कागदावर लिहून घेतला. कशासाठी ते तिने सांगितले नाही. आणि आगगाडीत चढता-उतरताना इजा होणे यासाठी व्ही८१.४ हा क्रमांक मुळातच राखून ठेवलेला आहे. जिनेव्हाच्या त्या विद्वानांनी संध्याकाळची विरार लोकल पाहिली असेल असे मला वाटत नाही. पाहिली असती तर भाईंदरला उतरायचे असताना गर्दीने दाराशीच येऊ न दिल्यामुळे नायगावला पोचलेल्या, शरीराने धडधाकट पण मनाने खचलेल्या मनुष्यासाठी त्यांनी एखादा दशांश नक्कीच सोडला असता.

विद्यार्थ्यांच्या हाती खऱ्या माणसांची माहिती सहसा देत नाहीत, म्हणून संगणकाने रचलेले काल्पनिक रुग्ण त्यांना सरावासाठी मिळतात. ‘सिंथिया’ नामक जी यंत्रणा हे रुग्ण प्रसवते ती त्यांची नावे खऱ्यांशी जुळू नयेत म्हणून प्रत्येक नावास व आडनावास काही आकडे जोडते. भाचीने हे अपूर्वाईने सांगितले; आम्हांस अपूर्वाई वाटली नाही. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या वहीत बी-४०२च्या काकू, ए-१०३चे जावई आणि सी-२०१चा पडलेला मुलगा याच रीतीने नोंदलेले असून त्यांतील कोणीही काल्पनिक नाही.

गुप्ततेचा धडा मात्र कोणासच पचला नाही. त्या देशाच्या १९९६च्या कायद्यान्वये रुग्णाची ओळख पुसायची असेल तर नाव, पत्ता, तारखा, दूरध्वनी, फॅक्स अशा अठरा खुणा कागदावरून काढाव्या लागतात. आमच्याकडे डॉक्टर आणि प्रतीक्षागृह यांच्यामध्ये जी प्लायवुडची भिंत आहे ती छतापर्यंत पोचत नाही, आणि कंपाउंडर पुडी बांधताना, “जुलाब किती वेळा?” हा प्रश्न अशा खणखणीत स्वरात विचारतो की उत्तर बाकावरील सर्वांना मिळून द्यावे लागते. तरीही बाकावरचे कोणी तक्रार करीत नाही. उलट शेजारच्या बाई आपल्या आतेभावाचे जुलाब कशाने थांबले ते सांगतात, आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या उपचाराची दिशाही तीच निघते. अठरा खुणा पुसल्या तर या बाकावर बोलायला उरेल काय?

मला स्वतःला सर्वांत मार्मिक वाटली ती क्रमांकाची हकिकत. रुग्ण कोठेही गेला तरी तो तोच आहे हे ओळखता यावे, हा या शास्त्राचा प्राण. भारत सरकारने २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर जी आयुष्मान भारत डिजिटल योजना सुरू केली तिच्यात मागेल त्यास चौदा आकड्यांचा ‘आभा’ क्रमांक मिळतो. अमेरिकेच्या १९९६च्या त्याच कायद्यात असा क्रमांक प्रत्येकास द्यावा असे फर्मान होते. परंतु त्याने नागरिकांच्या खाजगी आयुष्यात सरकारचा हात शिरेल या भीतीने तेथील काँग्रेसने १९९८ पासून, या कामी संघराज्याचा पैसा खर्च होऊ नये, असे कलम वर्षानुवर्षे खर्चमंजुरीत घालून ठेवले. सारांश, जिच्या आजीपाशी चौदा आकड्यांचा क्रमांक आहे ती मुलगी, क्रमांक नसताना माणूस कसा ओळखावा हे शिकण्यासाठी, क्रमांकास मनाई असलेल्या देशात, जबर व्याजाने गेली. आणि तेथील एका मोठ्या रुग्णालयात उमेदवारीसाठी तिला बसवले तेव्हा दुसऱ्या रुग्णालयाकडून जुने कागद आले ते कसे? फॅक्सने. “मामा, फॅक्स म्हणजे काय ते तिथल्या मुलांना ठाऊक आहे, मला नव्हते,” असे ती कबूल करती झाली. मीरा रोडला तिच्या वडिलांचा अहवाल मोबाइलवर डॉक्टरांस जातो आणि डॉक्टर त्याखाली अंगठा उमटवतात. अंगठा हा आमच्या खात्यातही पूर्वापार ग्राह्य आहे.

गेल्या सत्रात तिला असा अभ्यास होता की, रुग्णाने भरावयाचा अर्ज एखाद्या वृद्ध व्यक्तीकडून भरून घ्यावा आणि ती कोठे अडखळते ते टिपावे. तिने आजी निवडली. फोनच्या पडद्यावर आजी स्थानापन्न झाल्या. वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, हा प्रश्न आला.

“गुडघ्याचं म्हणतेस? दुखतो.”

“हो आजी, पण किती? दहातले किती?”

“सांगण्यासारखं नाही.”

“म्हणजे कमी?”

“कमी कसलं! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण सांगण्यासारखं नाही.”

अर्ज आकड्याखेरीज काही घेईना आणि आजी आकड्याखेरीज बाकी सर्व देण्यास तयार. भाचीने शेवटी चार घातले. आजींनी तो चार पाहिला आणि म्हणाल्या, “चार काय, मला सात जणांचं करायला लागतंय.” प्राध्यापकांनी या निरीक्षणास उत्तम गुण दिल्याचे कळते, आणि माझ्या मते त्या सबंध अभ्यासक्रमात ज्ञानाची खरी भर पडली असेल तर ती येथे.

शिक्षण संपल्यावर तेथे वर्षभर काम करून अनुभव घेण्याची सवलत असते, आणि विषय जर शास्त्र-तंत्राच्या ‘स्टेम’ नामक सरकारी यादीतला असेल तर आणखी चोवीस महिने. मेडिकल इन्फर्मॅटिक्स हे त्या यादीत आहे. “स्टेममुळे तीन वर्षे मिळतात,” हे वाक्य भाचीने फोनवर उच्चारताच आजींनी उठून पिंप भरायला लावले. कारण शहाड-टेमघरहून आमच्याकडे पाणी पाठवणाऱ्या प्राधिकरणाचेही नाव स्टेमच, आणि त्या नावाने घरात आजवर आलेली वार्ता पाणी बंद राहण्याचीच असे. पुढच्या एच-१बी परवान्यासाठी सोडत निघते: ६५,००० सर्वसाधारण, २०,००० तेथील पदव्युत्तरांसाठी. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये, नव्या अर्जामागे एक लाख डॉलर, असे फर्मान निघाले आणि तेथेच राहून परवाना बदलून घेणाऱ्यांना त्यातून वगळल्याचा खुलासा महिन्याभराने आला. आधी फर्मान व मग खुलासा ही कामाची पद्धत माझ्या परिचयाची असल्यामुळे मी शांत होतो. मेहुण्यांनी मात्र मधल्या काळात लाख डॉलरांचे रुपये करून पाहिले आणि एवढ्यात मीरा रोडला भोगवटा प्रमाणपत्रासह एक बरे घर येते, असे खिन्नपणे सांगितले.

तेव्हा ज्यांच्या घरात एखाद्या दंतवैद्याने, फिजिओथेरपिस्टाने वा होमिओपाथाने हा विषय काढला असेल त्यांना माझी विनंती एवढीच की, विद्यापीठांच्या क्रमवारीत डोके घालण्यापूर्वी कामाचा एक दिवस मोडून भाईंदर पश्चिमेस महानगरपालिकेच्या मुख्य कार्यालयात जावे, आपल्या इमारतीस भोगवटा प्रमाणपत्र आहे किंवा कसे याची लेखी माहिती मागावी आणि अर्जाची शिक्क्यानिशी पोच घ्यावी. अर्जावर नाव मात्र पासपोर्टावर आहे तसेच लिहावे.